जपून चालवलेलं इंजिन ऑइल का पीत राहिलं?

तात्यांची मारुती ८०० ही १९९७ची, कार्बोरेटरवाली. १ लाख ३८ हजार किलोमीटर झाल्यावर ती हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिऊ लागली, म्हणून २०२२च्या जानेवारीत कराडच्या एका गॅरेजमध्ये इंजिन उतरवून बांधून घेतलं. ब्लॉक ०.५० वर बोअर केला, म्हणजे सिलिंडरची भोकं अर्ध्या मिलिमीटरने मोठी केली. नवे पिस्टन, त्यांच्याभोवती बसून सिलिंडरच्या भिंतीला टेकणाऱ्या नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, हेडचं काम. उसाच्या पहिल्या हप्त्यातले पैसे त्यात गेले. पाच महिन्यांनी, २,१०० किलोमीटर चालल्यावर, तीच गाडी हजाराला पाऊण लिटर ऑइल पीत होती आणि ओढ्याच्या चढाला मागे निळा धूर सोडत होती.

या पाच महिन्यांत तात्यांनी ती गाडी तान्ह्या पोरासारखी जपली होती. मिस्त्रींनी सांगितलं होतं, "पहिले दोन हजार चाळीसच्या वर नेऊ नका." तात्यांनी ते पस्तीस केलं. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. मला या प्रकरणाने हलवलं ते एवढ्यासाठी, की गाडी बिघडली ती हयगयीने नव्हे. ती काळजीनेच बिघडली होती, आणि त्या काळजीत माझाही हात होता.

आधी पहिल्या पाच महिन्यांत नेमकं काय झालं ते सांगते.

इंजिन बसवल्यावर मिस्त्रींनी गाडी गॅरेजमध्येच सकाळी स्टार्ट करून ठेवली. बॉनेट उघडं, रेडिएटरसमोर टेबलफॅन, आणि इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चार तास. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे. "इंजिन मोकळं होऊ दे," म्हणतात. इंजिन घट्ट असल्याने आयडल टिकेना, म्हणून अधूनमधून चोक ओढलेला. ऑइल मी पाठवलेलं होतं, चांगलं महागाचं फुल सिंथेटिक. नव्या इंजिनाला उत्तमातलं उत्तम घालावं एवढाच विचार मी केला होता. त्यानंतर गाव ते कराड ११ किलोमीटर, आठवड्यातून चार-पाच फेऱ्या, चौथ्या गिअरमध्ये पस्तीसने.

मारुती ८००ला फेऱ्यांचा काटा नसतो, म्हणून हे पस्तीस म्हणजे इंजिनाला काय पडतं ते कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या गाडीच्या १२ इंची चाकांवरून आणि गिअरच्या गुणोत्तरांवरून मी हिशोब मांडला. चौथ्यात इंजिनाच्या हजार फेऱ्यांना साधारण २४ किलोमीटरचा वेग पडतो. म्हणजे चौथ्यात ३५ला इंजिन मिनिटाला दीड हजारही फिरत नाही. सपाटीवर ते ना ओढतं, ना मोकळं पळतं. चढ आला की धापा टाकतं, आणि तात्या तरीही गिअर उतरवत नसत. तिसरा टाकला की आवाज वाढतो, आणि आवाज म्हणजे इंजिनाला त्रास, असं त्यांना वाटे.

जूनमध्ये मी गावी गेले तेव्हा सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज सोबत घेतला. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. पहिल्या सिलिंडरला १५०, दुसऱ्याला १४६, तिसऱ्याला १२८ पीएसआय. मग प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा सेल्फ मारला: १६५, १६२, १५८. हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. ऑइलने रिंगेची फट तात्पुरती भरते. आकडा वाढला तर गळती रिंगांतून आहे. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग बघायचं. इथे तिसऱ्या सिलिंडरने ३० पीएसआयची उडी घेतली होती. धुराचीही साक्ष तीच होती. उतारावर पाय काढून मग पुन्हा रेस दिल्यावर एकच लोट आला असता तर मी व्हॉल्व्ह सीलवर संशय घेतला असता. इथे धूर चढाला, ओढताना, सलग येत होता.

मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, रिंगा कंपनीच्या टाकल्यात. बिलं दाखवतो." बिलं खरीच होती. मी म्हटलं, "मिस्त्री, तुमच्यावर शंका नाही. आपण दोघं मिळून उघडू." त्यांनी मजुरी घ्यायची नाही असं आपणहून ठरवलं, आणि एका रविवारी आम्ही हेड उतरवलं.

बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, आरशासारखे चमकत होते. बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर काम! पण टॉर्च तिरका धरला की होनिंगच्या फुलीच्या रेघा अजून जागेवर दिसत होत्या. त्या घासून गेल्या नव्हत्या, त्यांच्यावर पिवळसर तपकिरी लाखेसारखा थर चढला होता. नखाने निघेना, पेट्रोलच्या फडक्यानेही निघेना. रिंगा काढल्या तर वरच्या रिंगेच्या बोअरला टेकणाऱ्या बाजूवर घासल्याची चमक फक्त खालच्या कडेच्या बारीक पट्टीत होती. बाकीची रुंदी डब्यातून काढल्यासारखी. २,१०० किलोमीटर चालूनही रिंगेची आणि बोअरची गाठच पडली नव्हती.

बोअर करताना लेथवाला शेवटी होनिंगचे दगड फिरवतो, तेव्हा भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठतात, साधारण ४५ अंशांच्या कोनात. त्या रेघांच्या खाचांत ऑइल टिकतं आणि त्यांची टोकं कानशीचं काम करतात. नवी रिंग कितीही अचूक बनवलेली असली तरी या विशिष्ट बोअरच्या गोलाईशी ती तंतोतंत जुळलेली नसते. पहिल्या काही तासांत त्या टोकांवर रिंग घासते, टोकं थोडी झिजतात, रिंगही थोडी झिजते, आणि दोघी एकमेकींच्या मापाच्या होतात. खाचा मात्र उरतात, ऑइल धरायला. रिंगा "बसणं" म्हणतात ते हेच. ही कानस थोडाच वेळ चालते. त्या वेळात काम झालं नाही तर ते नंतर आपोआप होत नाही.

आता रिंग बोअरवर दाबते कोण? स्वतःच्या स्प्रिंगसारख्या ताणाने ती टेकते हे खरं, पण तो ताण थोडा असतो. खरा जोर येतो तो जळणाऱ्या वायूचा. स्फोटाचा दाब पिस्टनच्या कडेने वरच्या रिंगेच्या मागे, खोबणीत शिरतो आणि रिंगेला आतून बाहेर ढकलतो. इंजिन जितकं ओढेल तितका तो दाब जास्त. आयडलवर किंवा पस्तीसच्या रमतगमत चालीत थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल थोडंच जातं आणि दाबही बेताचाच. रिंग ऑइलच्या पडद्यावर तरंगत राहते. न बसलेल्या रिंगेजवळून गरम वायू खाली निसटतात, भिंतीवर राहिलेलं ऑइल भाजून काढतात आणि खाचांत त्याची लाख बनते. ग्लेझिंग म्हणतात ते हेच. एकदा ते झालं की कानस बोथट. मग गाडी कितीही पळवा, ऑइल जळतच राहतं.

चार तासांच्या आयडलने आणखी एक नुकसान केलं. चोकमुळे जास्तीचं पेट्रोल भिंतीवरून वाहून ऑइलमध्ये उतरलं. आणि कॅमशाफ्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, काय? या इंजिनात कॅम हेडमध्ये आहे आणि रॉकर त्यावर घासत चालतात. नव्या घासणाऱ्या जोड्यांना सुरुवातीला भरपूर ऑइल लागतं, ते आयडलवर सर्वांत कमी पोहोचतं. पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडरसारख्या पुशरॉडच्या, सपाट टॅपेटच्या इंजिनांत (तिथे कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो आणि त्यावर सपाट बुडाचे टॅपेट घासतात) तर नवा कॅम पहिल्या वीस मिनिटांच्या आयडलने कायमचा खरवडून निघू शकतो. तात्यांचा कॅम वाचला होता.

सिंथेटिक ऑइलबद्दल सरसकट बोलता येत नाही. आजच्या कित्येक गाड्या कारखान्यातूनच ते भरून येतात आणि त्यांना काही होत नाही. पण तिथला बोअर फार बारीक आणि मोजून-मापून तयार केलेला असतो, रिंगेला घासायचं कामच थोडं उरतं. गावच्या लेथवर बांधलेल्या जुन्या घडणीच्या इंजिनात ते काम बरंच बाकी असतं, आणि तिथे घर्षण कमी करण्यात पटाईत असलेलं ऑइल पहिल्याच दिवशी घालणं मला आता चूक वाटतं. ती चूक माझी होती, आणि मी ती तात्यांना सांगितली.

विमानांची पिस्टन इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी हेच बजावते. नवं किंवा दुरुस्त केलेलं इंजिन पहिले ५० तास, किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत, साध्या मिनरल ऑइलवर चालवा, आणि उडताना ६५ ते ७५ टक्के ताकदीवर ठेवा. हवेत इंजिन बंद पडणं म्हणजे काय हे ज्यांना रोज डोळ्यांसमोर ठेवावं लागतं, ते लोकही नव्या इंजिनाला जपून रमतगमत चालवा म्हणत नाहीत. मिस्त्रींना पटलं ते या उदाहरणाने.

मग "हळू चालवा" हे आलं कुठून? ते निराधार नाही. घट्ट इंजिन जास्त तापतं. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शतांशांत असते. ताज्या बोअरचं इंजिन तासभर सलग तुफान पळवलं तर पिस्टन फुगून चिकटू शकतो, आणि तसे चिकटलेले पिस्टन मी पाहिले आहेत. जुन्या जाडसर कामाच्या जमान्यात ही भीती आणखी मोठी होती, मागच्या काचेवर "रनिंग इन" लिहून लोक गाडी रस्त्याच्या कडेकडेने नेत. धोका सलग वेगाचा आणि तापण्याचा आहे. ओझ्याचा नाही. एका वाक्यात दोन्ही कोंबल्यामुळे "वेगाने नेऊ नका"चं "ओढायला लावू नका" होऊन बसलं.

दुसऱ्या वेळी ब्लॉक पुन्हा बोअर करायची गरज पडली नाही. माप मर्यादेत होतं. लेथवाल्याकडून लाख निघेल आणि ताज्या फुल्या उठतील एवढंच होनिंग करून घेतलं. त्यानंतरचं एक काम मी हट्टाने माझ्या हातांनी केलं: ब्लॉक धुणं. आपल्याकडे रॉकेल किंवा पेट्रोल मारून हवेने फुंकतात आणि झालं म्हणतात. रॉकेलने ग्रीस निघतं, पण होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांत तशीच रुतून राहते. ती निघते गरम पाणी, कपड्याचा साबण आणि कडक ब्रशने. तीन वेळा घासलं, लगेच पुसून ऑइल लावलं, मग पांढरं सुती फडकं फिरवलं. पहिल्या वेळी करडं निघालं. पुन्हा धुतलं. चौथ्या फडक्याला पांढरेपणा टिकला. मिस्त्री शेजारी उभे होते. म्हणाले, "एवढं आम्ही धूत नाय." पहिल्या खेपेला रॉकेलच मारलेलं होतं. त्यामुळे सगळा दोष आयडलला आणि पस्तीसच्या चालीला देऊन मी मोकळी होणार नाही. थोडी भुकटी तेव्हाही आत राहिली असणार.

प्रत्येक रिंग ज्या बोअरची त्या बोअरमध्ये ठेवून टोकांची फट फीलर गेजने मोजली, खुणेची बाजू वर ठेवली, त्या फटी एकाखाली एक येणार नाहीत अशा रिंगा फिरवल्या. इथे नवं काही नाही, मिस्त्रींचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे.

स्टार्ट करण्याआधी प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडून सेल्फ मारत राहिलो, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत, मध्ये मध्ये सेल्फला थंड होऊ देत. प्लग नसल्याने बेअरिंगांवर दाब येत नाही आणि ऑइल सगळीकडे पोहोचतं. टायमिंग आणि कार्बोरेटर आधीच जुळवलेले होते, म्हणजे सुरू होण्यासाठी रडगाणं नको. साधं मिनरल ऑइल, २० डब्ल्यू ४०, सुमारे तीन लिटर. हीटरचा नॉब उघडा ठेवून पाणी भरलं, हवा अडकू नये म्हणून.

पहिल्या सेल्फला सुरू झाली. लगेच दोन हजार फेऱ्यांच्या आसपास नेली, थोडं वर-खाली करत राहिलो. पंधरा मिनिटं, जास्त नाही. तेवढ्यात गळती पाहिली, फॅन लागतो का ते पाहिलं, तापमानाचा काटा मध्यावर थांबला. मिस्त्री म्हणाले, "आता दोन तास राहू दे आयडलवर?" मी म्हटलं, "आता रस्त्यावर."

कराड-पाटण रस्ता या कामासाठी मला फार आवडतो. कोयनेच्या कडेने जाणारा, कधी लहानसा चढ, कधी उतार, आणि सकाळी सहाला मागेपुढे कुणी नाही. तिसऱ्या गिअरमध्ये तीसपासून साठपर्यंत, ॲक्सिलरेटर अर्ध्याहून जास्त दाबून ठामपणे ओढायची. मग पाय पूर्ण काढायचा, ब्रेक न लावता, गिअरमध्येच गाडी पुन्हा तिसावर येऊ द्यायची. मग पुन्हा. ओढताना वायू रिंगेला बोअरवर दाबतो. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये मोठी पोकळी तयार होते, ती खालून ऑइल वर ओढते, घासून निघालेली धातूची धूळ धुऊन नेते आणि तापलेल्या रिंगेला थंड करते. या दोन्ही अर्ध्यांना सारखी किंमत आहे. नुसतं पळवणारे दुसरा अर्धा विसरतात. पाच-सहा वेळा असं केलं की दोन-तीन किलोमीटर सैल चालवायची, मग पुन्हा. पाटणपर्यंत तीसेक वेळा झालं. तिथे बॉनेट उघडून अर्धा तास चहा, इंजिन गार, पाण्याची-ऑइलची पातळी, परत.

तात्या शेजारी बसले होते. पहिल्या वेळी मी तिसऱ्यात साठला नेली तेव्हा त्यांनी दाराची मूठ धरली. "पोरी, लय वराडतंय ते." मी म्हटलं, "तात्या, हे साडेतीन-पावणेचार हजारांवर आहे. इंजिन साडेपाच हजारांपर्यंत जायला बनवलंय." मल्हारपेठ गेल्यावर मूठ सुटली. परतताना ते स्वतः मागच्या काचेतून धूर बघत होते.

७० किलोमीटर झाल्यावर त्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदलला. बाहेर आलेलं ऑइल उन्हात धरलं तर चांदीच्या वर्खासारखं चकाकत होतं. घाबरायचं कारण नाही, कानशीचा कीस तो. फिल्टर कापून घड्या उलगडल्या आणि लोहचुंबक फिरवला. बारीक भुगा चुंबकाला लागला, म्हणजे रिंगांचं आणि बोअरचं लोखंड. चुंबकाला न लागणाऱ्या, नखावर उचलता येतील अशा चकत्या निघाल्या असत्या तर ते बेअरिंग असतं आणि तिथेच थांबावं लागलं असतं. तशा निघाल्या नाहीत. हा भुगा पुढचे हजार किलोमीटर इंजिनात फिरवत ठेवायचा की पन्नास-शंभरातच काढायचा, यात पैसे वाचवायला जाऊ नये.

पुढचे ५०० किलोमीटर नियम एवढेच ठेवले. एका वेगावर दहा मिनिटांहून जास्त नाही. चौथ्यात पन्नासच्या खाली नाही, खाली आली की तिसरा. ऐंशीच्या वर नाही. चार माणसं आणि उसाची मोळी घेऊन कुंभार्ली घाट तर नाहीच. लांब चढावर कमी वेगाने खूप ओझं पडतं आणि वाराही लागत नाही. चोक लागेल तेवढाच, आणि सुरू झाल्यावर अंगणात उभी न ठेवता अर्ध्या मिनिटात निघायचं. ५०० ला पुन्हा ऑइल, टॅपेट सेटिंग आणि सगळे नट-बोल्ट. हजाराला तिसरं ऑइल.

तात्यांनी घरातल्या दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली. पहिल्या ३०० किलोमीटरमध्ये ऑइलची पट्टी थोडी उतरली, अंदाजे १५० मिलिलिटर. ३०० ते १,००० मध्ये जवळजवळ तेवढंच. त्यानंतरच्या दोन हजारांत वरून घातलेलं ऑइल दीडशे मिलिलिटरही भरलं नाही. १,००० ला मी कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं: १६८, १६८, १६२. ऑइल घालून मोजलं तर तीन-चार पीएसआयच वाढले. तिसरा सिलिंडर अजून जरा मागे आहे. त्याच्या एका व्हॉल्व्हचं बसणं मला शंकास्पद वाटतं, पण त्यासाठी हेड पुन्हा उघडण्यात अर्थ नाही.

मिस्त्रींनी नंतर एका ओम्नीचं इंजिन बांधलं. आयडलवर ठेवायचं सोडून ते स्वतः पाटणपर्यंत जाऊन आले आणि फोनवर म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक विचारत होतं, माझी गाडी घेऊन कुठं फिरताय म्हणून. बिलातच लिहिलं मग, सत्तर किलोमीटर ट्रायल." साबणाने धुण्याचं विचारलं तर म्हणाले, "दोनदा धुतलं."

तात्यांची पस्तीसची सवय काही पूर्ण गेलेली नाही, बाजारचा रस्ता तसाच आहे आणि त्यांचं वयही. पण ओढ्याच्या चढाला ते आता आधीच तिसरा टाकतात, आणि शेजारी मी असले तर माझ्याकडे बघून टाकतात.